आई निर्धास्तपणे खाऊ शकेल असा बेबी शॉवरचा केक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीचं बेबी शॉवर तीन आठवड्यांवर आलंय, चाळीसेक माणसं येणार आहेत. साधे केक तुम्ही घरी नेहमी करता, पण फॉन्डंटला (केकवर चढवायच्या साखरेच्या मऊ कणकेला) कधी हात लावलेला नाही. आणि बहिणीला हवाय ढगावर झोपलेल्या अस्वलाच्या पिल्लाचा दोन टियरचा, म्हणजे दोन मजल्यांचा केक. जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमेल. तीन आठवडे हातात आहेत ही मोठीच गोष्ट आहे. मी पंधरा वर्षं असे केक करतेय आणि अजूनही कागद-पेन्सिल घेण्याआधी होणाऱ्या आईशी बोलते. एकदा मी अशाच समारंभाला पाहुणी म्हणून गेले होते. केक देखणा होता, पण मधल्या थरात कच्च्या अंड्यांचं मूस होतं. त्या मुलीने केक कापला, सगळ्यांना भरवला आणि स्वतःची बशी हळूच बाजूला सरकवून ठेवली. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. जिच्यासाठी एवढा घाट घातला, तिलाच घास घेता आला नाही. म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे: ती काय खाऊ शकते हे आधी, अस्वल नंतर.

तर बहिणीला आजच फोन करा. सध्या कोणता वास नकोसा होतो ते विचारा. गरोदरपणात वासाची जाण इतकी तीव्र होऊ शकते की एरवी आवडणारं व्हॅनिला किंवा कॉफीही नको वाटतं. चार थेंब जास्त पडलेलं इसेन्स बाकीच्यांना कळतही नाही, तिला मात्र दारातूनच जाणवतं. डॉक्टरांनी साखरेबद्दल काही सांगितलंय का तेही विचारा. गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी साधारण २४ ते २८ आठवड्यांदरम्यान होते, म्हणजे बेबी शॉवरच्या वेळेपर्यंत तिला त्याचं उत्तर बहुधा माहीत असतं. तसं काही असलं तर केक बिनसाखरेचा करायच्या मागे लागू नका, त्यात चव आणि पोत दोन्ही बिघडतं. फॉन्डंट सहज सोलून निघेल अशी रचना करा, भरणात साखर कमी आणि फळं जास्त ठेवा, आणि तिचा तुकडा केवढा असावा ते तिलाच ठरवू द्या.

आणखी एक प्रश्न हळुवारपणे विचारायचा: केकवर बाळाची आकृती, नाव किंवा तारीख चालेल का? काही आईवडिलांच्या मागे एखादं दुःख असतं. बाळ हातात येईपर्यंत त्याचं नाव कुठे लिहिलेलं पाहायला त्यांना भीती वाटते. मी विचारल्याशिवाय यातलं काहीच करत नाही. अस्वल, ढग, चंद्र, दोरीवर वाळणारी इवलीशी झबली, यांतून आनंद तेवढाच पोहोचतो आणि कुणाच्या मनाला टोचत नाही. तुमच्या बहिणीने अस्वलच मागितलंय, त्यामुळे हा भाग सोपा झाला.

आता काय टाळायचं ते. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं अंडं नको, कारण साल्मोनेलाचा धोका. रॉयल आयसिंग (साखर आणि पांढऱ्या बलकाचं, सुकून कडक होणारं) करायचंच असेल तर कच्च्या पांढऱ्या बलकाऐवजी मेरँग पावडर, म्हणजे सुकवलेल्या पांढऱ्या बलकाची पूड घ्या. स्विस मेरँग बटरक्रीम करत असाल तर पांढरा बलक आणि साखर वाफेवर ढवळत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत न्या आणि ते थर्मामीटरने मोजा, बोटाने चाचपून नाही. क्रीम, क्रीम चीज, दूध हे सगळं पाश्चराइज्डच हवं. लिस्टेरिया नावाचा जीवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदर स्त्रीला त्याचा संसर्ग झाला तर बाळाला मोठा धोका असतो. कच्चा मैदाही खायचा पदार्थ नाही, त्यामुळे न भाजलेल्या कुकीच्या पिठाचं भरण बाद. स्पंज ओला करायला रम नको. साखर आणि पाणी सम प्रमाणात उकळून थोडा लिंबाचा रस घातलेला पाक त्याहून छान लागतो.

चकाकीबद्दल तर मी हात जोडून सांगते. सोनेरी-गुलाबी लस्टर डस्टच्या डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं आणि लोक तेच खाण्यायोग्य समजतात. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवर रोझ गोल्ड डस्टचा जाड थर होता आणि त्यात तांबं भरपूर निघालं. डबीवर ‘एडिबल’ हा शब्द आणि घटकांची यादी दोन्ही असेल तरच वापरा, नाहीतर चकाकीशिवाय करा. झोपलेल्या पिल्लाला तशी चकाकीची गरजही नसते.

खरी फुलं लावायचा मोह होईल. लिली ऑफ द व्हॅली, हायड्रेंजिया, कण्हेर ही फुलं विषारी आहेत आणि केकच्या आसपासही नकोत. खाण्यायोग्य जातीची असली तरी फुलं शोभेसाठी विकणाऱ्यांकडून आणली तर त्यांच्यावर कीटकनाशकं असू शकतात. मी सरळ साखरेची फुलं करते. आणि उद्या विचार बदलून मधमाश्यांची थीम घेतलीत आणि केकमध्ये मध घातलात, तर आईला तो चालतो, पण पाहुण्यांसोबत आलेल्या एक वर्षाखालच्या बाळांना मध देऊ नये, भाजलेल्या केकमधलासुद्धा. तसं टेबलावर लिहून ठेवा.

आकार आणि स्पंज यांवर फार थांबत नाही, कारण ते तुम्हाला येतं. वरचा टियर १५ सेंटिमीटर व्यासाचा, खालचा २० चा, दोन्ही १० सेंटिमीटर उंच. अडीच बाय पाच सेंटिमीटरचे तुकडे कापले तर यातून सुमारे ३६ माणसं होतात. उरलेल्यांसाठी तिसरा टियर चढवू नका. त्याच चवीचा एक साधा चौकोनी केक आत कापून ठेवा. अंडं न खाणारे असतील तर हा साधा केकच बिनअंड्याचा करा, कारण बिनअंड्याचा स्पंज मऊ आणि भुसभुशीत असतो, त्याच्यावर वजन ठेवताना जास्त जपावं लागतं.

२० सेंटिमीटरसाठी बटर, बारीक साखर, मैदा आणि कवच काढलेली अंडी प्रत्येकी ३४० ग्रॅम, तीन चमचे बेकिंग पावडर आणि मिश्रण चमच्यावरून अलगद सुटेल इतपत दूध. तीन टिनमध्ये वजन करून सारखं वाटलं की प्रत्येकी साधारण ४५० ग्रॅम येतं. १७५ अंशांवर २५ ते ३० मिनिटं. १५ सेंटिमीटरच्या टिनसाठी निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे प्रत्येक घटक १९० ग्रॅम. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, म्हणून ‘थोडासाच लहान टिन’ म्हणून केलेला अंदाज नेहमी फसतो. स्पंज समारंभाच्या दोन दिवस आधी भाजा, पूर्ण गार झाल्यावर घट्ट गुंडाळा आणि दुसऱ्या दिवशी कापा. ताजा स्पंज कापताना चुरा पडतो, रात्रभर विसावलेला सुरीला साथ देतो.

आता अस्वल. हे आजपासूनच सुरू करा, कारण या केकमधली एकच गोष्ट घाईने करता येत नाही आणि ती म्हणजे सुकणं.

२५० ग्रॅम फॉन्डंटमध्ये सपाट चहाचा चमचाभर सीएमसी पावडर (घट्टपणा आणणारी, डिंकासारखी खाद्य पूड) मळून, घट्ट झाकून काही तास ठेवा. त्याने फॉन्डंटला ताण येतो आणि आकार ढासळत नाही. मग डोळ्यांच्या अंदाजाने गोळे न तोडता वजनकाटा काढा. बसलेलं पिल्लू असेल तर धड ६० ग्रॅम, डोकं ४०, पाय १२-१२, हात ८-८, कान २-२. तुमचं पिल्लू पालथं झोपलंय, तर धड ५० पर्यंत उतरवा आणि डोकं ४० च राहू द्या. डोकं मोठं दिसलं पाहिजे. कोनराड लॉरेन्झ या प्राणिवर्तन शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, उंच कपाळ, चेहऱ्यात खाली बसलेले डोळे आणि फुगीर गाल पाहिले की आपल्याला ते पिल्लू वाटतं आणि माया दाटून येते. केकवरच्या अस्वलाला हे तंतोतंत लागू पडतं. नवशिक्यांचं अस्वल वयाने मोठं, कधी रागीट दिसतं, कारण त्यांनी डोळे कपाळाजवळ ठेवलेले असतात. चेहऱ्याच्या मधोमध एक आडवी रेघ कल्पून डोळे तिच्या जरा खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवा, नाक त्यांच्या जवळजवळ रांगेत. झोपलेल्या डोळ्यांसाठी तर गोळ्याही नकोत. फॉन्डंट ओला असतानाच स्ट्रॉ तिरकी धरून तिच्या कडेने दोन छोट्या कमानी दाबा, टोकं वर आणि पोट खाली. उलटी दाबली तर पिल्लू झोपेऐवजी हसताना डोळे मिटल्यासारखं दिसतं. तेही गोड असतं, पण मग ते झोपलेलं वाटत नाही.

गोळा तळहातांत जोर देऊन फिरवा, मग हलका करत आणा, म्हणजे भेगा मिटतात. पृष्ठभाग सुकून सुरकुतायला लागला तर बोटाला अगदी किंचित शॉर्टनिंग (बेकिंगमधलं घट्ट वनस्पती तूप) लावून चोळा. पाण्याने चोळलंत तर चिकट डाग राहतात. धड एक दिवस सुकू द्या, मगच डोकं बसवा, नाहीतर डोक्याच्या वजनाने मान बसते. सुकवायचं उघड्या हवेत, फोमच्या तुकड्यावर, दिवसातून एकदा बाजू बदलून. फ्रिजमध्ये कधीच नाही, तिथल्या ओलाव्याने फॉन्डंट सुकायच्या ऐवजी घामेजतो.

डोकं धडाला जोडायला आत काडी लागते, आणि इथे माझी एक जुनी चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी टूथपिक वापरायचे. एका समारंभात चार वर्षांच्या मुलाने सशाचं डोकं कुणाचं लक्ष नसताना सरळ तोंडात घातलं. त्याच्या आजीने वेळेत पाहिलं आणि काडीचं टोक बाहेर काढलं. काही झालं नाही, पण ती रात्र मी जागून काढली. तेव्हापासून माझ्या कुठल्याही आकृतीत कच्च्या स्पॅगेटीच्या काडीशिवाय काही जात नाही. ती पुरेशी ताठ असते आणि दातांखाली मोडते. लहान मुलं केक खात नाहीत, अस्वल खातात. हे धरूनच चाला. मोती, तारा, बटणं यांपैकी न खाण्याजोगं काहीही वरच्या टियरवर नको.

पिल्लाच्या अंगावर एक दुपटं घाला. हा माझा आवडता भाग आहे. फॉन्डंट २ मिलिमीटर पातळ लाटून, कडेला काट्याने शिवण टोचून, पिल्लावर हलक्या हाताने टाका आणि पडतील तशा घड्या पडू द्या. घड्या नीट बसवायला गेलं की कापडाचा भास जातो. शिवाय दुपट्याखाली पाय, पोट, जोड, सगळं झाकलं जातं, म्हणजे पहिल्यांदा करणाऱ्याचं निम्मं काम वाचतं. हा अख्खा संच १० सेंटिमीटरच्या पातळ बोर्डवर बनवा, म्हणजे कापताना अलगद उचलता येईल.

बाकीच्या केकवर हात आखडता घ्या. फोटोंमध्ये अस्वल, फुगे, शिडी, इंद्रधनुष्य, ठोकळे, दुधाची बाटली असं सगळं एकाच केकवर दिसतं आणि पाहणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही. तुमच्या केकला वर ढगावर पिल्लू आणि खालच्या टियरला एक दोरी पुरे. दोरीवर चार-पाच वस्तू टांगा: झबलं, टोपडं, पायमोज्यांची जोडी. कागदाचे साचे कापून फॉन्डंटमधून उतरवायला एक संध्याकाळ लागते, आणि माझा अनुभव असा की पाहुणे अस्वलाइतकाच वेळ त्या मोज्यांकडे पाहत उभे राहतात.

रंग जेलचेच घ्या, पातळ रंगांनी फॉन्डंट चिकट होतो. सौम्य छटेसाठी टूथपिकचं टोक बुडवून तेवढंच घाला आणि रात्रभर थांबा, कारण मळल्यानंतर रंग काही तास गडद होत जातो. घाईत आणखी घातला की सकाळी ढगाचं वादळ झालेलं असतं. बटरक्रीम मुळात पिवळसर, त्यात निळा घातला की हिरवट होतो. आधी जांभळ्याचा एक कण घालून पिवळेपणा मारा, मग निळा घाला. आणि गुलाबी-जांभळ्या छटा उजेडात उडतात. मी एकदा फिक्या जांभळ्या रंगाचे ढग खिडकीशी सुकत ठेवले होते. दोन दिवसांनी त्यातला गुलाबी उडून राखाडी-निळे ढग हाती आले आणि सगळे पुन्हा करावे लागले. सुकणाऱ्या वस्तू सावलीत ठेवा, वर पुठ्ठ्याची खोकी उपडी घाला. गडद निळा किंवा लाल मोठ्या प्रमाणात टाळाच, चवीला कडवट होतो आणि ओठ-दात रंगतात, तेही नेमके फोटोंच्या दिवशी. तुमच्या पिल्लासाठी मी बदामी, ढगांसाठी पांढरा आणि कपड्यांसाठी पुदिन्याचा फिका हिरवा व लोण्याचा पिवळा घेतला असता.

फॉन्डंटखाली काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण निम्मे केक तिथेच बिघडतात. व्हिप्ड क्रीम नको. त्यातलं पाणी फॉन्डंटची साखर विरघळवतं आणि दोन तासांत केकला पाझर फुटतो. पांढऱ्या चॉकलेटचं गनाश करा: वजनाने तीन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम. हवा गरम असेल तर चॉकलेट थोडं वाढवा. क्रीम उकळी फुटेपर्यंत तापवून बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, पाच मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर ढवळत जा. रात्रभरात ते पीनट बटरसारखं होतं. पहिला पातळ थर चुरा बांधायला, तो घट्ट झाला की दुसरा जाड थर, आणि मग गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने कडा सपाट. वर फॉन्डंट चढवला की गनाशमधला प्रत्येक खड्डा दिसतो, त्यामुळे इथे अर्धा तास जास्त द्या.

२० सेंटिमीटर रुंद, १० उंच केकला झाकायला किमान ४० सेंटिमीटरचं वर्तुळ लागतं. हातासाठी सोडून ४५ लाटा, जाडी साडेतीन मिलिमीटर. सुमारे ८०० ग्रॅम फॉन्डंट लागतो, लहान टियरला ६०० च्या आसपास. केकवर पाण्याचा नुसता ओलसर हात फिरवा, फॉन्डंट टाका, आधी वरचा भाग आणि वरची कड बसवा, मग झालरीसारखी घडी बाहेर ओढत ओढत खाली या. घडी आत दाबली की ती कायमची राहते. कडेला फाटला तर घाबरू नका, तिथेच दोरीचा खांब येऊ द्या. आधी एकदा उपड्या पातेल्यावर सराव करून बघा, फॉन्डंट गोळा करून परत वापरता येतो.

रचताना खालच्या टियरमध्ये आधार हवेतच. फूड-ग्रेड जाड स्ट्रॉ किंवा डाउल (आधाराच्या गोल काड्या) पाच घ्या, १५ सेंटिमीटरच्या वर्तुळाच्या आत खोचा, सर्वांत उंच जागी खूण करून पाचही त्याच लांबीचे कापा. एक जरी लहान राहिला तरी वरचा टियर कलतो. वरचा टियर स्वतःच्या बोर्डवर असला पाहिजे, म्हणजे वजन काड्यांवर जातं आणि खालचा स्पंज दबत नाही.

फॉन्डंटचा केक फ्रिजमध्ये ठेवायचा तर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात, आणि बाहेर काढल्यावर खोकं न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ओलावा खोक्यावर बसतो, केकवर नाही. तरी थेंब दिसलेच तर बोट लावू नका, पंखा सोडा. क्रीम किंवा ताज्या फळांचं भरण असेल तर फ्रिजबाहेरचा एकूण वेळ दोन तासांच्या आत ठेवा. समारंभ लांबणारा असेल तर भरण गनाश किंवा शिजवून घट्ट केलेल्या जॅमचं करा. नेताना दोन टियर वेगळे न्या. गाडीत सीटवर किंवा मांडीवर नको, सीट उतरती असते. मागच्या सपाट जागेत रबरी जाळीवर ठेवा. जागेवर पोचून वरचा टियर बसवा, सांध्यावर ढगांची झालर चिकटवा, आणि पिल्लू अगदी शेवटी.

कापायच्या वेळी तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहा. पिल्लू बोर्डसकट उचलून बहिणीच्या हातात द्या. कोरड्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवलं तर ते बरेच महिने टिकतं. मग वरचा टियर उतरवून वेगळा कापा, काड्या मोजून पाचही बाहेर काढा, आणि मगच खालच्याला सुरी लावा. बहिणीचा तुकडा सगळ्यांत आधी काढून तिच्यासमोर ठेवा, फॉन्डंट सोलून, तिने सांगितला होता तेवढाच.